‘स्वतःची एक रचना’ एवढ्यावर भागवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण मुंबईत झालेल्या एका पियानोवादनाचं परीक्षण वाचलं. परीक्षण मन लावून लिहिलेलं आहे. बीथोव्हनच्या सोनाटाला एक परिच्छेद, शोपाँला एक, ब्राम्सच्या व्हायोलिन सोनाटाला एक, सभागृहातल्या आवाजाच्या घुमण्यालाही चार ओळी. आणि अगदी शेवटी अर्धं वाक्य: ‘…आणि स्वतःची एक रचना सादर करून वादकाने कार्यक्रमाची सांगता केली.’ त्या अर्ध्या वाक्याबद्दल हे पत्र आहे.

त्या संध्याकाळी मी श्रोत्यांमध्ये नव्हते. रंगमंचावर, वादकाच्या डाव्या हाताला, जरा मागे सरकवलेल्या खुर्चीवर बसले होते. मी पानं उलटते. राहायला गिरगावात, आणि फोर्टमधल्या बँकेतून निवृत्त झाले आहे. पियानो शिकले तो खोताच्या वाडीतल्या एका गोवेकर बाईंकडे. मैफल करावी असं काही माझ्या वादनात नव्हतं, पण स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचणारा डोळा बाईंनी पक्का करून दिला आणि त्यामुळे बाहेरून आलेल्या, इथल्या, नव्या-जुन्या वादकांच्या शेजारी बसण्याचं भाग्य मिळत गेलं. हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, पदर पिन करायचा, पानाचा वरचा कोपरा आधीच सुटा करून ठेवायचा, एसीच्या झोताने कागद उडत नाही ना ते पाहायचं, आणि वादक शेवटच्या ओळीच्या मध्यावर आला की उभं राहायचं. हल्ली बरेच जण टॅबलेट आणि पायाने दाबायचं बटण वापरतात, तरी कागदावरून वाजवणारेही आहेत. या खुर्चीतून जे दिसतं ते तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस करते आहे.

त्या रचनेला नाव होतं, ‘रूपकातली टोकाटा’. कार्यक्रमपत्रिकेत ते छापलेलं होतं. टोकाटा म्हणजे बोटांची चपळाई पणाला लावणारा, बहुतेक वेळा एका दमात धावणारा प्रकार, बाखच्याही आधीपासून चालत आलेला. लांबी साधारण अकरा मिनिटं. वादक मुंबईचाच, तिशीच्या आतला. रूपक तालाचं वैशिष्ट्य आपल्याकडच्या श्रोत्याला सांगायला नको: सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली. या मुलाने ती खाली डाव्या हाताला दिली आहे. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर डाव्या हातात विराम. तिथे उजवा हात वरच्या सप्तकात एकटाच उतरतो. पियानोवर पहिली मात्रा म्हटली की खर्जातून ठोका देण्याची सवय शेकडो वर्षांची. इथे नेमका त्याच जागी खर्ज नाहीसा होतो, आणि सम कळते ती आवाज कमी झाल्यामुळे. प्रत्येक आवर्तनात ते विरामाचं चिन्ह माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं. लय वाढत गेली, तिसऱ्या पानापासून दोन्ही हात एकमेकांच्या वरून-खालून जाऊ लागले, तरी ती रिकामी जागा त्याने एकदाही भरू दिली नाही. पाचव्या पानाच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, ‘घाई नको. पाचवी मात्रा ऐकू येऊ दे.’

पहिली पानं संगणकावरून छापलेली, शेवटची दोन हाताने लिहिलेली, कारण तो शेवट त्याने त्याच आठवड्यात बदलला होता. सुरू होण्याआधी ग्रीनरूममध्ये मला म्हणाला, “काकू, सहाव्या पानाच्या शेवटी मी कदाचित परत वर जाईन. मान हलवली तरच उलटा.” तो परत वर गेला. तोच भाग दुसऱ्यांदा वाजवताना डाव्या हातातल्या सुरावटी वेगळ्या होत्या. त्या कागदावर नव्हत्या. माझा हात पानाच्या कोपऱ्यावर आणि डोळे त्याच्या मानेवर. शेजारी एक माणूस चारशे लोकांसमोर स्वतःची रचना पुढे घडवतो आहे, हे मी दोन फुटांवरून पाहत होते.

पानं उलटणाऱ्यांच्या जमातीत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ५ एप्रिल १८०३, व्हिएन्ना. बीथोव्हन आपला तिसरा पियानो कन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, पहिल्यांदाच वाजवणार होता, आणि पानं उलटायला बसला होता इग्नात्स फॉन झायफ्रीड, स्वतः संगीतकार. त्याने पुढे लिहून ठेवलं की पानं बहुतेक कोरीच होती. कुठे कुठे इजिप्तच्या चित्रलिपीसारख्या चार खुणा, त्याही फक्त बीथोव्हनलाच कळतील अशा. सगळं उतरवायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून एकल वादनाचा जवळजवळ सगळा भाग तो मनातून वाजवत होता. न दिसणारा एकेक भाग संपला की तो झायफ्रीडकडे हळूच कटाक्ष टाकायचा. ती वेळ चुकू नये म्हणून झायफ्रीडची झालेली घालमेल पाहून बीथोव्हनला पुढे जेवताना हसू आवरेना. आज जगभर अभ्यासली जाणारी ही रचना पहिल्यांदा ऐकली गेली तेव्हा कागदावर पुरती उतरलेलीही नव्हती. ती वादकाच्या हातात होती.

तेव्हा हे नवल नव्हतं. मोत्सार्ट व्हिएन्नात कार्यक्रम करायचा तो मुख्यतः स्वतःचे नवे कन्चेर्टो घेऊन. कन्चेर्टोत वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो, ती कॅडेन्झाची जागा, वादकाने स्वतः रचावी किंवा तिथल्या तिथे सुचेल ते वाजवावं यासाठीच असे. मोत्सार्टच्या डी मायनर कन्चेर्टोसाठी त्याने स्वतः लिहिलेली कॅडेन्झा उपलब्ध नाही. बीथोव्हनने त्यासाठी आपली लिहिली. आज बहुतेक वादक त्या जागी बीथोव्हनचीच वाजवतात. जिथे वादकाने स्वतः बोलावं म्हणून जागा सोडलेली होती, तिथेही आता दुसऱ्याचं पाठ केलेलं ऐकू येतं. एखाद्या वादकाने तिथे स्वतःची कॅडेन्झा वाजवली की मी खुर्चीत सावरून बसते.

वादक स्वतः रचतो तेव्हा नेमका फरक काय पडतो, हे शोपाँच्या उदाहरणाने सांगते. पियानो शिकवणारे सगळे सुरुवात सी मेजरपासून, म्हणजे पांढरी एकपासून करतात, कारण कागदावर ते सोपं दिसतं. शोपाँ आपल्या शिष्यांना हात ठेवायला सांगायचा तो पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात या पाच पट्ट्यांवर. आपल्या पेटीवर करून पाहा. अंगठा आणि करंगळी ही आखूड बोटं पांढऱ्यांवर पडतात, मधली तीन लांब बोटं उंचावरच्या काळ्यांवर, आणि हात कुठेही न आवळता पसरतो. त्याचं म्हणणं होतं की वाचायला अवघड दिसणारी बी मेजर सप्तक-ओळ हाताला सगळ्यांत सोपी आहे. हे ज्याला उमगलं त्यानेच १८३३ आणि १८३७ मध्ये ते एत्यूद, म्हणजे तंत्र घडवणाऱ्या छोट्या रचना, छापले, ज्यांच्यावर आजही प्रत्येक वादकाची परीक्षा होते. त्यातल्या एकात उजवा हात जवळजवळ पूर्णपणे काळ्या पट्ट्यांवरच फिरतो. पट्ट्यांवर बोटं ठेवल्यावर हाताला जे सुचतं, ते टेबलाशी बसून सुचत नाही.

माझे वडील पेटी वाजवायचे. नाटक कंपन्यांच्या पडत्या काळात त्यांनी साथ केली, पुढे शिकवण्या. त्यांच्या बोलण्यात गोविंदराव टेंबे यायचे ते नुसते ‘पेटीवाले’ म्हणून कधीच नाही. एकल पेटीवादनाला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या माणसाने १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या, आणि त्या शंभर वर्षं उलटूनही गायल्या जातात. वडील म्हणत, त्या चालींमध्ये पेटीवरची बोटं दिसतात. आपल्या रागसंगीतात तर कलाकाराने स्वतः बंदिश बांधावी यात कुणालाच वेगळं वाटत नाही. आग्र्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ या नावाने बंदिशी करत आणि त्या स्वतः गात. समीक्षक त्या बंदिशींची नावं लिहितात, राग लिहितात, मुखडा कसा आला ते लिहितात. ‘शेवटी खाँसाहेबांनी स्वतःची एक चीज म्हटली’ एवढ्यावर कुणी थांबलं नसतं. मग पियानोसमोर बसलेल्या कलाकाराला आपण वेगळं माप का लावतो?

पाश्चात्त्य संगीतात वादक आणि रचनाकार यांची ही फारकत हळूहळू झाली, आणि तिची एक कहाणी मला फार लागते. जर्मन पियानोवादक क्लारा शूमानने आपला पियानो कन्चेर्टो नोव्हेंबर १८३५ मध्ये लाइपझिगला स्वतः वाजवला, वाद्यवृंदाचं संचालन संगीतकार मेंडेल्सोनचं. वय सोळा. कन्चेर्टो लिहायला तिने त्या वयाच्याही आधी घेतला होता. चारच वर्षांनी तिने रोजनिशीत लिहिलं की आपल्यात सर्जनशक्ती आहे असं कधीकाळी वाटत होतं, पण तो विचार सोडून दिला आहे. बाईने संगीतरचनेची इच्छा धरू नये, आजवर एकीलाही ते जमलेलं नाही. लग्नानंतरही तिने काही रचना केल्या, पण १८५६ मध्ये नवरा, संगीतकार रॉबर्ट शूमान, गेला आणि मग जवळजवळ काहीच लिहिलं नाही. मुलांना वाढवायला ती मैफली करत राहिली, थेट १८९१ पर्यंत. त्यांत बीथोव्हन, शोपाँ आणि नवऱ्याच्या रचना असत, त्याही पाठ वाजवलेल्या. आज आपण ज्याला गंभीर पियानोवादन म्हणतो, थोरांच्या रचना, निष्ठेने, कागदाशिवाय, ते वळण रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे. मी तिच्याविषयी अत्यंत आदर बाळगते. पण हे वळण घालून देताना तिच्या स्वतःच्या रचना मात्र मागे पडल्या, आणि कित्येक दशकं त्या कुणी वाजवल्याही नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं.

पुढे संगीतशाळा आल्या, स्पर्धा आल्या. वॉर्साची शोपाँ स्पर्धा १९२७ पासून सुरू आहे आणि तिथे शोपाँचंच वाजवायचं असतं. ध्वनिमुद्रणं आली. एकच सोनाटा पन्नास जणांनी कसा वाजवला याची तुलना घरबसल्या करता येऊ लागली, आणि श्रोत्याच्या कानाला त्याचीच चटक लागली. नवीन रचनेची तुलना कशाशी करणार?

रॅखमानिनॉफसारख्या थोर रशियन रचनाकार-वादकालाही याची झळ लागली. १९०९ मध्ये तो पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा आपला तिसरा कन्चेर्टो घेऊन निघाला, बोटीवर आवाज न करणाऱ्या पट्ट्यांवर सराव केला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये स्वतः वाजवला. १९१७ च्या अखेरीस रशिया कायमचा सुटल्यावर पोटापाण्यासाठी मैफलींवर मैफली कराव्या लागल्या, आणि उरलेल्या पंचवीस वर्षांत ओपस क्रमांक (रचनाकाराच्या कृतींना दिला जाणारा अनुक्रमांक) मिळालेल्या नव्या रचना झाल्या अवघ्या सहा. त्यातली एक १९३१ ची, कोरेल्लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालीवरची वीस रूपांतरं, म्हणजे तीच चाल दर वेळी बदलून मांडलेली. त्याच वर्षी त्याने आपला मित्र निकोलाय मेटनर याला पत्रात कळवलं की ती वाजवताना मी श्रोत्यांच्या खोकल्यावरून ठरवतो. खोकला वाढला की पुढचं रूपांतर गाळतो. एका लहान गावात इतके खोकले की फक्त दहाच वाजवली, न्यूयॉर्कला अठरापर्यंत मजल गेली. सबंध वीस वाजवल्याचं त्या पत्रात नाही. त्या काळातला जगातला सर्वांत थोर मानला जाणारा पियानोवादक स्वतःची रचना श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून छाटत होता. हे वाचल्यापासून मी श्रोत्यांमध्ये बसलेली असताना खोकल्याची गोळी पर्समध्ये ठेवते आणि नवी रचना सुरू होण्याआधीच तोंडात टाकते.

या मेटनरचा आपल्या देशाशी संबंध आहे आणि तो आपल्या वाचकांना आवडेल. तोही रचनाकार-वादक. रशिया सोडून शेवटी लंडनमध्ये राहिला, प्रकृती खालावलेली, रचनांना फारसं कुणी विचारत नव्हतं. तेव्हा पुढे आले मैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मेटनर सोसायटी स्थापन करून ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला. त्यामुळे मेटनरने स्वतःच्या रचना कशा वाजवल्या ते आज आपण ऐकू शकतो. तिसरा पियानो कन्चेर्टो त्याने महाराजांना अर्पण केला आहे.

मुंबईचा धागा तर आणखी जवळचा. कैखुश्रू शापूरजी सोराबजी १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले, पण वडील मुंबईचे पारशी, स्थापत्य अभियंता. ‘ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकुम’ ही त्यांची पियानोरचना छापील सुमारे अडीचशे पानांची आहे आणि वाजवायला चार तासांच्या आसपास लागतात. १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोमध्ये त्यांनी ती स्वतः सबंध वाजवली. पुढे त्यांनी मंच सोडला आणि आपल्या परवानगीशिवाय आपलं संगीत कुणी जाहीर वाजवू नये असं सांगून ठेवलं. ती परवानगी १९७६ पासून पुन्हा मिळू लागली, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत, चर्चगेटच्या कॅफेत, कुठेही संगीताच्या गप्पा निघाल्या की मी हे नाव काढते, आणि आमच्या शहराशी रक्ताचं नातं असलेल्या या माणसाचं नाव ऐकलेला क्वचितच भेटतो. त्यांच्यावर आपल्या पुरवणीत एक पूर्ण पान यावं, अशी माझी जाता जाता विनंती.

आता आक्षेप. प्रत्येक चांगला वादक चांगला रचनाकार असेलच असं नाही, हे कुणीही म्हणेल आणि ते खरं आहे. आर्टूर श्नाबेलने १९३० च्या दशकात बीथोव्हनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटा पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. तो आयुष्यभर रचनाही करत होता, तीन सिम्फनी लिहिल्या, तरी आपल्या मैफलीत त्याने बीथोव्हन, शूबर्ट, मोत्सार्ट हेच वाजवले. तो त्याचा निर्णय होता आणि त्याच्या वादनाला त्याने काही कमीपणा आला नाही. शिवाय लिस्टसारख्याच्याही शेकडो रचनांमध्ये आज न वाजणाऱ्या पुष्कळ आहेत. पण बी मायनर सोनाटा कोणता आणि विसरण्याजोगं काय, हे कळलं ते ऐकून, लिहून आणि वाद घालून. तो सोनाटा पहिल्यांदा जाहीर वाजवला गेला तेव्हा त्याच्यावर कडवट टीका झाली होती. टीका तरी झाली! नवीन रचना टाकाऊ वाटली तर परीक्षकांनी तसं खणखणीत लिहावं, का टाकाऊ वाटली ते लिहावं. वादकाला त्याचा उपयोग होतो. अर्ध्या वाक्याचा होत नाही.

आणि स्वतः रचणारे वादक आज जगात दुर्मीळ राहिलेले नाहीत. तुर्कस्तानच्या फाझिल सायची ‘कारा तोप्राक’ ही १९९७ ची रचना ऐकावी, खरं तर पाहावी. डावा हात पियानोच्या पोटात घालून तो तारा दाबून धरतो, उजव्या हाताने पट्ट्या वाजवतो, आणि पियानोतून त्यांच्याकडच्या साझ या तंतुवाद्याचा नाद येतो. आशिक वेसेल या अंध लोककवीच्या गाण्यावर ती आधारलेली आहे. कॅनडाच्या मार्क-आंद्रे हामलँने बाराही मायनर स्वरांत बारा एत्यूद लिहिले. रशियाच्या दानिल त्रिफोनोव्हने विशीत असताना स्वतःचा कन्चेर्टो वाजवला. इंग्लंडचा स्टीफन हफ वाजवतो, रचतो, आणि लिहितोही उत्तम. अमेरिकेतल्या क्लायबर्न स्पर्धेत २०१७ साली सहभागी झालेल्या तीसही स्पर्धकांनी हामलँची एक नवी टोकाटा वाजवली, २०२२ च्या स्पर्धेत हफची. म्हणजे ज्या स्पर्धांनी वादकाला पाठांतराकडे ढकललं, त्यांनाही मंचावरच्या माणसाने नवीन लिहिलेलं हवंसं वाटू लागलं आहे.

आपल्याकडे मात्र चित्र वेगळं आहे. एका कार्यक्रमासाठी मी एका मुलीची पानं उलटणार होते. विलेपार्ल्याची, वय विशीतलं, हातात विलक्षण ताकद. तिने अंगाईच्या चालीवर सहा छोटी रूपांतरं केली होती. सरावाच्या वेळी ऐकली, चौथ्या रूपांतरात ती मूळ चाल डाव्या हाताच्या अंगठ्याने, आतल्या आत, दोन्ही बाजूंनी स्वर पडत असताना वाजवायची, आणि तरी ती चाल स्पष्ट ऐकू यायची. आयोजकांनी ती रूपांतरं कार्यक्रमातून काढायला लावली. ‘लोकांना ओळखीचं हवं असतं. स्वतःचं नंतर, नाव झाल्यावर.’ ती काही बोलली नाही. त्या जागी तिने शोपाँचं नॉक्टर्न वाजवलं, सुंदर वाजवलं. पण नाव व्हायचं ते कशाने? आणि तोवर ती रूपांतरं कुठे राहायची? त्यानंतर मी तिला दोनदा विचारलं, नवीन काही केलंस का. दोन्ही वेळा ‘वेळ नाही मिळाला, काकू’ हेच उत्तर.

मुंबईत काही कमी नाही. नरिमन पॉइंटला १९८० पासून टाटा थिएटर आहे, २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, गिरगावात पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाउस माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. श्रोतेही आहेत. त्या टोकाटानंतर पहिल्या टाळ्या पडायला क्षणभर लागला आणि मग सभागृह उठून उभं राहिलं, हे परीक्षणात आलं नाही म्हणून इथे नोंदवते. आयोजकांना माझं सांगणं आहे की वादकाची रचना अगदी शेवटी, लोक गाडीची वेळ पाहू लागतात तेव्हा ठेवू नका. मध्यंतरानंतर पहिली ठेवा. कान ताजे असतात आणि कुणी दाराकडे बघत नसतं. वादकाला सुरुवातीला दोन मिनिटं बोलू द्या, मराठीत बोलला तर आणखी चांगलं. शिकवणाऱ्यांनाही हात जोडून सांगते की विद्यार्थ्याने स्वतःची आठ ओळींची चाल आणली तर ग्रेडच्या परीक्षेचं पुस्तक मिटा आणि आधी ती ऐका.

आपल्याकडे, संपादक महाराज, माझी मागणी छोटी आहे. परीक्षणात वादकाच्या स्वतःच्या रचनेचं नाव यावं, ती केवढी होती ते यावं, आणि तिच्यात काय ऐकू आलं याची निदान चार वाक्यं यावीत. जागा कमी पडली तर शोपाँचा परिच्छेद आखडता घ्यावा. शोपाँवर लिहायची संधी परीक्षकांना पुढच्या महिन्यात पुन्हा मिळेल. ‘रूपकातली टोकाटा’ची प्रत परीक्षकांना पाहायची असेल तर वादक ती द्यायला तयार आहे, मी त्याला विचारून ठेवलं आहे. हाताने लिहिलेली शेवटची दोन पानं आता त्याने छापून घेतली आहेत. सहाव्या पानावरून परत वर जायचं की नाही, ते मात्र त्याने अजून लिहिलेलं नाही.

आपली विश्वासू,
पियानोची पानं उलटणारी एक वाचक
ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई